सोडलं की सुटलं?

अक्का, तुझा जबाब अजून बाकी आहे.

आज तुला जाऊन सतरा दिवस झाले. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुझा प्रसाद परवा पुण्याला परतला. घर शांत झालं तशी मी माळ्यावरून ती निळी बॅग खाली काढली, आपण बेटावर नेलेली. दोन वर्षांत ती चारदा तरी झटकली असेल, पण उपडी केल्यावर कोपऱ्यातून वाळू पडलीच. पांढरी, जाडसर, आपल्या भीमेच्या वाळूशी काही नातं नसलेली. एरवी फरशीवर कण दिसला तरी मी केरसुणी घेऊन धावते, त्यावरून तू मला जन्मभर चिडवलंस. ही वाळू मात्र दोन दिवस झाले तशीच आहे. घरातले सगळे तिला ओलांडून जातात.

पेपरात द्यायचा मजकूर प्रसादनं मला लिहायला सांगितला होता. 'प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख' एवढं लिहिलं आणि त्या रडारडीतही मला हसू आलं. मनमिळाऊ? तू? स्वतःच्या निरोप समारंभात भाषण करणाऱ्या साहेबांची भूगोलाची चूक जिनं तिथल्या तिथं दुरुस्त केली, ती? मी तिन्ही शब्द खोडले आणि नुसतं नाव नि वेळ लिहून दिली. मला जे लिहायचं होतं ते पेपरात मावणारं नव्हतं. ते दोन शब्दांचं भांडण होतं, सत्तेचाळीस वर्षं चाललेलं, आणि ते असं अर्धवट टाकून तू निघून गेलीस.

तू म्हणायचीस 'सुटलं'. मी म्हणायचे 'सोडलंस'.

मी आठ वर्षांची होते, तू तेरा. सांगोल्याकडची आपली माळरानाची जमीन, आईच्या तीस-चाळीस शेळ्या, आणि चांगलं साल असलं तर निम्म्याच्या वर भरणारी ती गोल विहीर. आबांनी घरातल्या पोरांना पोहायला शिकवलं, पोरींना नाही. तू चुलत भावांचं बघून आपली आपण शिकलीस आणि लगेच मला शिकवायला घेतलंस. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा माझ्या पाठीला बांधायचीस, शेळीच्या दाव्यानं. डबा तरंगायचा आणि त्याच्याबरोबर मी. कडेकडेनं, दगडाच्या कपारीला केव्हाही हात पोचेल अशा बेतानं आपण गोल गोल फिरायचो. चौथ्या दिवशी विहिरीच्या बरोबर मध्यावर माझी पाठ एकदम हलकी झाली. डबा माझ्याशिवाय पलीकडं चालला होता. मी बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं, वर कुठलं आणि खाली कुठलं तेही कळेना. मग हातपाय आपोआप हलले आणि मी वर आले. कपार धरून रडत रडत तुला विचारलं, का सोडलंस?

"मी न्हाय सोडलं," तू म्हणालीस. "दावं सुटलं. पवलीस की न्हाय? मग रडतीस कशाला?"

तेव्हापासून हे चालू झालं. माझ्या हळदीला, प्रसादच्या बारशाला, दाजींना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर. मी आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं काढलेली बाई. तोंडी गोष्टीवर माझा विश्वास नाही. मी म्हणायचे, "अक्का, लेखी दे." तू म्हणायचीस, "सुटलं. घे लिहून." आणि वर त्या कुजकट हसण्यानं हसायचीस. कुजकट म्हणते आहे, पण ते हसू ऐकायला आज मी सात रस्त्याच्या चौकापासून तुझ्या घरापर्यंत अनवाणी चालत येईन.

बेटाचं खूळ तुझ्या डोक्यात कसं शिरलं ते फक्त मला माहीत आहे. सहावीच्या वर्गाला भूगोल शिकवताना तू फळ्यावर प्रवाळ बेट काढायचीस. लाल खडूनं एक कडं, आत निळं पाणी. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली एक मुलगी होती, वर्षातून चार महिनेच शाळेत यायची. तिनं विचारलं, "बाई, तुमी बगितलंय व्हय?" आणि तुझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय, बगितलंय की." मग ती रोज विचारायला लागली. पाणी केवढं खोल असतंय? मासे चावत्यात का? रात्री तितं कुटं झोपला? आणि तू, चुकीचं व्याकरण ऐकलं तरी जिचं डोकं उठायचं, रोज तिला एकेक नवीन खोटं सांगत गेलीस. तंबूत झोपलो, म्हणालीस. मासे हाताला गुदगुल्या करतात, म्हणालीस. पुढं एका दिवाळीनंतर ती मुलगी मेंढरांबरोबर गेली ती परत वर्गात आली नाही. तिला खरं सांगायचं राहिलं, हे तुला वर्षानुवर्षं टोचत होतं.

रिटायर होऊन सोलापुरात माझ्या घराजवळ राहायला आलीस, आणि दुसऱ्याच महिन्यात चहा पिता पिता म्हणालीस, "मंदे, त्या पोरीला मी सात-आठ खोटं सांगितल्यात. सगळी खरी करून येऊ."

अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना चढायला कां कूं करणारी. मी म्हटलं वेड लागलंय. पण बेटावर जायच्या परवान्याचे कागद मीच भरले, कारण तुझं अक्षर चांगलं असलं तरी रकाने कळत नाहीत. नव्या पेठेत पोहायचे कपडे घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, "नातीचं वय काय?" तू म्हणालीस, "अठ्ठावन्न." बिचाऱ्यानं घाईघाईनं पायघोळ विजारीचे, लांब बाह्यांचे दोन जोड काढून ठेवले.

आणि ती कडक भाकरी! बेटावर काय मिळेल न मिळेल म्हणून तू पन्नास कडक भाकरी आणि डबाभर शेंगाची चटणी घेतलीस. महिनाभर टिकती, तू म्हणालीस. आपल्याकडच्या कोरड्या हवेत टिकते, अक्का. जहाजावर दुसऱ्या दिवशी तू मोठ्या दिमाखात फडकं सोडलंस तर समुद्राच्या दमट हवेनं सगळ्या भाकरी वातड होऊन बसल्या होत्या. तू एक उचललीस, ती मोडायच्या ऐवजी वाकली. तुझं तोंड असं झालं, जणू कुणीतरी तुला फसवलं आहे. "सोलापूर सोडलं की भाकरी बी आपली राहत न्हाय," असं म्हणालीस आणि तीन दिवस त्याच वाकलेल्या भाकरी सगळ्यांना खाऊ घातल्यास. मी तर उलट्यांनी बेजार होते. माझं डोकं मांडीवर घेऊन तू मला चटणी हुंगायला लावत होतीस.

लक्षद्वीपातलं ते बेट आपल्या शेजारच्या मैदानाएवढंच असेल. नारळाची झाडं, पांढरी वाळू, पाच-सहा तंबू आणि चारी बाजूंनी पाणी. आपल्याला पाण्यात नेणारे रशीदभाई चाळिशीचे, अबोल, मल्याळी बोलणारे. त्यांना तू पहिल्याच भेटीत आपल्या सोलापुरी हिंदीत सांगितलंस, "हमकू मत सिखाओ. हम कुएं में पैरे सो लोगां हैं." विहिरीत पोहलेली माणसं आम्ही, यातलं त्यांना काहीही कळलं नाही. त्यांनी नम्रपणे मान हलवली आणि तुझ्या गळ्यात लाइफ जॅकेट घातलं.

आता ते खरं लिहिते जे तू प्रसादला कधी सांगू दिलं नाहीस. पहिल्या दिवशी तू घाबरलीस.

चूक तुझी नव्हती, विहिरीची होती. विहिरीत तळ दिसत नाही. पाणी हिरवंकाळं, आपण वर तरंगतोय एवढंच माहीत, खाली किती आहे याचा विचारच येत नाही. इथं होडीवरून उतरून तू मास्क लावून, श्वासाची नळी दातांत धरून तोंड पाण्यात घातलंस, आणि खाली वीस-पंचवीस फुटांवरचा दगड न् दगड स्वच्छ दिसला. मधे पाणी आहे हे डोळ्यांना पटेना. तू तटकन मान वर काढलीस, नळी थुंकून टाकलीस आणि ओरडलीस, "मंदे, खाली पडंन की गं मी!"

पाण्यात पडायची भीती. मी एवढी हसले की माझ्याच नाकात पाणी गेलं. पण तुझा चेहरा पाहून हसू थांबलं. सबंध घराण्यात विहिरीच्या काठावरून उडी मारणारी एकुलती एक पोरगी होतीस तू. त्या सकाळी तू होडीचा दोर सोडला नाहीस. दोर धरून होडीभोवती गोल गोल फिरलीस आणि वर आल्यावर म्हणालीस, बघितलं की सगळं. तुला शेवटपर्यंत पटलं नाही, पण तू काहीही बघितलं नव्हतंस. तुझे डोळे मिटलेले होते. मी शेजारीच होते.

दुसऱ्या दिवशी दोराऐवजी माझा हात धरलास. मी पाण्यावर पालथी पडून स्थिर राहिले आणि तू माझा हात धरून माझ्याभोवती फिरायला लागलीस. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच. डोळे उघडले होतेस, एवढी प्रगती. खाली तपकिरी, पिवळट, गाठीगाठींचं पोवळं पसरलेलं. लाल कुठंच नव्हतं. तू मान वर काढून म्हणालीस, "ह्ये तर फ्लावरचं गड्डं हायत की! इतकी वर्सं मी लाल खडूनं काढलं." पुन्हा तोंड खाली, पुन्हा फेरी. रशीदभाई थोड्या अंतरावर पाण्यात थांबून हातानं खुणावत होते. तिकडं पोवळ्याची कड संपत होती, तिथं तळ एकदम खाली जात होता आणि नुसती निळाई सुरू होत होती. बघायचं ते तिथंच होतं. पण तुला माझ्यापासून एका हातापेक्षा लांब जाता येत नव्हतं. मला तेव्हा कळलं की तू समुद्रात नाहीसच. तू अजून विहिरीत आहेस, आणि कपार म्हणून माझा हात धरला आहेस.

मग तो हात तुझ्या हातात राहिला नाही.

तू थबकलीस. वर बघितलंस, हातपाय झाडलेस, मला काहीतरी शिवी दिलीस, ती नळीतून भलतीच ऐकू आली. रशीदभाई तुझ्याजवळ सरकले, पण त्यांनी तुला धरलं नाही, शहाणा माणूस. आणि मग तू तोंड पाण्यात घातलंस आणि सरळ निघालीस. आयुष्यात पहिल्यांदा सरळ. गोल नाही, वळण नाही, आपल्या विहिरीच्या तिप्पट-चौपट अंतर एका दमात. कडेशी जाऊन थांबलीस आणि खालच्या त्या निळाईवर दोन्ही हात पसरून नुसती तरंगत राहिलीस. किती वेळ कोण जाणे. मी लांबून तुझी पाठ बघत होते. भगवं जॅकेट, पांढरा अंबाडा सुटून पाण्यावर पसरलेला. अक्का, त्या क्षणी मला तू तेरा वर्षांची दिसलीस, हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

परत आलीस ती तणतणत. तोंड मात्र फुललेलं. "हात का सोडलास गं?"

मी म्हटलं, "मी नाही सोडला. सुटला."

तू माझ्याकडं टक लावून बघितलंस. मास्कचा वळ तुझ्या कपाळावर उठला होता. मग तुझं ते कुजकट हसू. होडीत बसल्यावर मासे कसे बोटांना तोंड लावून गेले ते रशीदभाईंना सांगत राहिलीस, जणू त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. "गुदगुल्याच करत्यात," तू मला म्हणालीस. "ह्ये एक खरं झालं."

तिसऱ्या दिवशीचा तंबू तर तुझ्याविरुद्धचा पुरावाच आहे. वाळूत ठोकलेल्या खुंट्यांवर तुझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. तू तंबूचे चारही दोर जवळच्या नारळांना बांधून घेतले होतेस, आपली शेळी बांधायची गाठ मारून. दुपारी वारा उठला. शेजारचा तंबू खुंट्यांसकट उखडून पाण्यात गेला, लोक त्याच्यामागं धावत होते, आणि आपला तंबू फडफडत का होईना जागच्या जागी उभा. संध्याकाळी आवराआवर करताना मी ती गाठ सोडायला बसले. नखं तुटायची वेळ आली, गाठ हलेना. तू आलीस, एक टोक चिमटीत धरून खेचलंस, आणि सगळी गाठ एका झटक्यात मोकळी झाली.

"ही अशीच सोडायची असती," तू म्हणालीस. "टोक वडल्याबिगर सुटत न्हाय. शेळीनं किती बी हिसडं दिलं तरी."

बोललीस आणि तुझ्या लक्षात आलं. माझ्याही. मी दोर खाली ठेवला.

"मग विहिरीत कशी सुटली गं, अक्का?"

तू खाली ठेवलेला दोर उचलून गुंडाळायला लागलीस. मी म्हटलं, एका पोरीला सांगितलेलं खोटं फेडायला तू इथवर आलीस, मग माझंच काय पाप आहे? तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "पुढल्या खेपेला आलो की सांगीन. तवर तू बी तुझा जबाब लिहून ठेव. त्या हाताचा." म्हणजे तुला सगळं कळलं होतं. दोघींनी एकाच वेळी सांगायचं, ह्याच झाडाखाली, असं ठरलं.

आणि ती पुढली खेप मी लांबवली. गेल्या वर्षी तू म्हणालीस तर मला मार्चअखेरची कामं होती. दिवाळीनंतर म्हणालीस तर घराचं रंगकाम काढलं होतं. या वर्षी मी सांगितलं, अक्का, माझी तीनच वर्षं राहिलीत, रिटायर झाले की निवांत जाऊ. तू म्हणालीस, "बरं." एवढंच. तू सहजासहजी 'बरं' म्हणणारी बाई नव्हतीस, तिथंच मला कळायला हवं होतं. रंग दिलेल्या त्या भिंतीकडं बघवत नाही आता.

सोमवारी सकाळी मेथी निवडता निवडता तुझ्या छातीत कळ आली. बुधवारी दुपारपर्यंत तू दवाखान्यात होतीस. मंगळवारी थोडी बरी वाटत होतीस, ऑक्सिजनच्या मास्कवरून चेष्टासुद्धा केलीस, की ह्याला नळी हाय पर मासे न्हाईत. बुधवारी सकाळी मात्र तो मास्क हातानं बाजूला सारून म्हणालीस, "मंदे, त्या डब्याचं सांगते…"

आणि मी काय केलं, अक्का? सत्तेचाळीस वर्षं जे ऐकायला मी जीव टाकत होते ते तू सांगायला निघालीस, आणि मी मास्क पुन्हा तुझ्या तोंडावर ठेवला. म्हटलं, "गप. पुढल्या खेपेला सांग." मला वाटलं, हे सांगून टाकलंस की तुला थांबायला कारण उरणार नाही. भांडण शिल्लक असेल तर तू जाणार नाहीस. केवढी मूर्ख मी. तुझ्या डोळ्यांत जरासं हसू आलं, तू डोळे मिटलेस आणि माझा हात धरलास.

तू काय सांगणार होतीस ते मला ठाऊक आहे. ठाऊक असणं आणि तुझ्या तोंडून ऐकणं यात जे अंतर आहे, त्यातच मी आता राहते. रागावले नाही गं. तू दावं सोडलं नसतंस तर मी अजून त्या डब्यावर तरंगत असते. हे तुला विहिरीच्या काठावर नाही, हळदीला नाही, बेटावरही नाही सांगितलं. रुसण्यातच मजा येत होती.

आता माझा जबाब. लेखी देते, आम्ही तोंडी काही मानत नाही. समुद्रात तुझा हात मी सोडला. मुद्दाम, पूर्ण शुद्धीवर, एकेक बोट उलगडून. तू विहिरीत जे माझ्यासाठी केलंस तेच केलं, आणि तुझ्यासारखीच खोटं बोलले.

बुधवारी दुपारी नर्स आली, मशीनकडं बघितलं, आणि हळूच म्हणाली, "ताई, हात सोडा आता." मी तिला सांगितलं, मी धरलेला नाही, तिनं धरलाय. तिनं माझ्या बोटांकडं बघितलं आणि थांबली. तेव्हा मी खाली पाहिलं. तुझी बोटं उघडी होती.

अक्का, शपथेवर लिहून देते. हा मी सोडला नाही. हा सुटला.